डोंगरावरच्या प्राचीन दगडखाणीत तयार अवजारं सापडत नसतील, तर तिथे उत्खनन करून काय कळतं?

पुष्कळ काही. कारण अशा खाणीत खरा पुरावा असतो तो टाकून दिलेल्या मालाचा.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं ग्रेट लँगडेल हे खोरं बघा. पाइक ओ' स्टिकल या सुमारे ७०० मीटर उंचीच्या सुळक्याच्या उतारावर दगडी कपच्यांचा अक्षरशः खच पडलाय. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या हिरवट, कठीण खडकातून नवाश्मयुगात, म्हणजे साधारण सहा हजार वर्षांपूर्वी, इथे कुऱ्हाडी घडवल्या जात. खडकाजवळ फक्त ओबडधोबड आकार द्यायचे. घासून गुळगुळीत करण्याचं काम बहुतांशी खाली सपाटीवर चाले. म्हणून वर तयार कुऱ्हाड क्वचितच मिळते. मिळतात त्या कपच्या, घडवताना मोडलेले तुकडे आणि दगडी हातोडे. कोळशाचे अवशेषही मिळतात: काही ठिकाणी आग लावून खडक तडकवत असावेत. त्याच कोळशावरून कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवता येतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती रिचर्ड ब्रॅडली आणि मार्क एडमंड्स या पुरातत्त्वज्ञांनी इथे १९८०च्या दशकात केलेल्या कामातली गोष्ट. चांगला दगड सहज पोहोचता येईल अशा जागीही होता, तरी माणसं कड्याच्या अरुंद, धोकादायक कपारींवर जाऊन तो काढत होती! निव्वळ सोय बघणारा असं करणार नाही. त्या जागेलाच मोल असणार, असं मलाही पटतं.

कुऱ्हाडीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की दगड कुठला ते ओळखता येतं. लँगडेलच्या कुऱ्हाडी थेट आयर्लंडपर्यंत सापडल्या आहेत.