आवाज बसला तो उठेचना

"तीन महिने झाले आवाज बसलाय. कॅन्सर तर नसेल ना?" हा प्रश्न तिने मला तोंडाने विचारला नाही. वहीत लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

वय चाळिशीच्या पुढे, शाळेत गणित शिकवते, रोज पाच-पाच तास वर्गावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सर्दीचं निमित्त झालं. सर्दी आठवड्यात गेली, आवाज काही परतला नाही. सकाळी बरा, दुपारी घोगरा, संध्याकाळी नुसती हवा. घरच्यांनी आणि मैत्रिणींनी निदान करून टाकलं होतं : टेन्शन. म्हणून ती माझ्याकडे, समुपदेशकाकडे.

"घसा कुणी दुर्बिणीने पाहिलाय?" मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते, कारण एकदा विचारला नव्हता. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. भाऊ गेल्यानंतर महिन्याभरात त्यांचा आवाज विरळ होत गेला. दुःख गळ्याशी दाटलंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि चार बैठका भावाबद्दल बोलत राहिलो. पाचव्या वेळी पाणी पिताना त्यांना जोराचा ठसका लागला. हल्ली नेहमीच लागतो, म्हणाले. तेव्हा कुठे मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. डावा स्वरतंतू हलतच नव्हता. त्याला हलवणारी नस थेट स्वरयंत्राकडे येत नाही. आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. त्या वाटेत कुठेही दाब आला की आवाज जातो. त्यांचं दुखणं छातीत होतं आणि मी ते मनात शोधत बसले होते.

मनामुळे आवाज जात नाही असं नाही. जातो. अशा माणसाला बोलताना आवाज फुटत नाही, पण खोकला किंवा हसू मात्र खणखणीत येतं. तरीही तो निष्कर्ष स्वरतंतू पाहिल्यानंतरचा.

तर बाईंना मी सांगितलं, की सर्दीने बसलेला आवाज साधारण दोन आठवड्यांत सुटतो. तीन-चार आठवडे उलटले की तपासणी करायचीच. आणि तंबाखू-सिगारेटची सवय असेल, गिळायला त्रास होत असेल, श्वास लागत असेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेत गाठ लागली, तर तेवढंही थांबायचं नाही.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने पुन्हा वही ओढली. "पाहिलं आणि निघालंच काही तर?"

खरं अडलं होतं ते इथे. दोन बैठका आम्ही याच एका ओळीवर काढल्या. ओळखीतल्या एकांचा घशाचा कॅन्सर तिने जवळून पाहिला होता, फार उशिरा कळलेला. घोगरेपणाची बहुतेक कारणं साधी असतात, एवढं सांगून तिची भीती हलली नाही. हलली ती दुसऱ्या माहितीने. स्वरतंतूवरच सुरू झालेला कॅन्सर लवकर बोलतो. गाठ बारीक असतानाच आवाज बदलतो, त्यामुळे तो वेळेत सापडू शकतो आणि तेव्हा उपचारही चांगले लागू पडतात. न जाऊन आपण नेमका हाच फायदा घालवतोय, हे तिचं तिलाच उमगलं. गणिताची बाई होती ती.

तपासणी काही मिनिटांची. नाकात बधिर करणारा फवारा, मग बारीक लवचिक दुर्बीण. जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू पाहण्याची पद्धत रूढ केली ती मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने. 1854 मध्ये छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश आत पाडून त्याने स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं. हा माणूस डॉक्टर नव्हता, हे मला फार आवडतं.

दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी निघाल्या, कॅन्सरच्या नव्हेत. बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. ताण देऊन बोललं की आदळणं जोराचं होतं आणि हाताला घट्टे पडावेत तसे तिथे पडतात. अशा गाठींवर पहिला उपाय शस्त्रक्रिया नाही, स्पीच थेरपी.

थेरपिस्टने आधी तिचे घरगुती उपाय बंद केले. ती सहा आठवडे कुजबुजत होती, घशाला आराम म्हणून! ताण देऊन कुजबुजण्यानेही घसा शिणतो. त्यापेक्षा हळू आवाजात साधं बोलावं. दर दोन मिनिटांनी घसा खाकरणं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर आपटणंच. त्याऐवजी एक घोट पाणी. मनानेच चालवलेल्या पित्ताच्या गोळ्याही थांबल्या. मग स्ट्रॉमधून सूर काढणं, ओठ मिटून गुणगुणणं, वर्गात गळ्यात अडकवायचा माइक. माइकला तिने आठवडाभर नकार दिला. आवाजावर वर्ग गप्प करणारी बाई ही तिची ओळख होती, ती सोडताना तिला रडू आलं. हे काम माझ्या वाट्याचं.

पाच आठवड्यांनी शाळेतला आवाज सुधारला, पण सोमवारी सकाळी हटकून बसलेला. सुटीनंतर? मी तिला रविवारचा दिवस तासातासाने लिहून आणायला सांगितला. त्यात एक ओळ वारंवार आली : बाबांशी बोलले. वडिलांना ऐकू कमी येत होतं. मशीन आणलेलं, पण खरखर होते म्हणून ते कपाटात. सुटीचा सगळा दिवस ती या खोलीतून त्या खोलीत ओरडून बोलत होती, आणि याला ती बोलणं धरतच नव्हती.

मशीन नीट जुळवून घ्यायला दोन खेपा लागल्या. एकूण चार महिन्यांनी दुर्बिणीत गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. शेवटच्या भेटीत वही आणली नव्हती तिने. म्हणाली, "बाबा आता मलाच दटावतात, अगं, एवढ्या मोठ्याने कशाला बोलतेस?"