मेटल डिटेक्टर घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: आम्ही इंग्लंडला लेस्टरजवळ राहतो. शेजारचे काका रविवारी डिटेक्टर घेऊन शेतात जातात, जुनी नाणी घेऊन येतात. मलाही करायचंय. कुठलं मशीन घेऊ? आणि सुट्टीत तेच रायगडाला आणलं तर चालेल का?

उत्तर: मशीनचं नंतर बघू हो, आधी शेत मिळवा. जमीनमालकाची परवानगी लेखीच घ्या आणि काही सापडलं तर वाटणी कशी तेही त्यातच लिहून टाका, चहा पिताना सगळे हो म्हणतात, सोनं निघालं की सूर बदलतो. जागा सरकारी यादीतलं संरक्षित स्मारक असेल तर मात्र मालक हो म्हणाला तरी डिटेक्टर फिरवता येत नाही.

मशीन साधंच घ्या, सोबत पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) आणि हेडफोन. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीलगत, सपाट आणि सावकाश फिरवायची, नवखे लोक गवत कापल्यासारखी फिरवतात आणि मग म्हणतात काही मिळत नाही. कॅनची झाकणं आणि चांदीचा कागद पण सोन्यासारखाच आवाज देतात, त्यामुळे सुरुवातीला कचराच निघणार, खणत राहा आणि खड्डे बुजवत राहा. नाणं निघालं तर घासायचं नाही, चिंच तर अजिबात लावायची नाही!

नेमकं कुठे सापडलं ते लगेच मोबाइलवर नोंदवा आणि तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवा. ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा तशी दोन नाणी एकत्र मिळाली तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्याची चौकशी करणारा अधिकारी) कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. एकाच जागी नाणी निघायला लागली तर मात्र हात थांबवा, पुढचं काम पुरातत्त्ववाल्यांचं. तुमच्याच लेस्टरशायरमध्ये हॅलटनला २००० साली स्थानिक हौशी मंडळींना नाणी लागली, मग तिथे रीतसर उत्खनन झालं, लोहयुगातली पाच हजारांवर नाणी आणि चांदीचा मुलामा दिलेलं रोमन हेल्मेटही मिळालं. स्कॉटलंडला गेलात तर नियम वेगळे, नीट वाचून जा.

आणि रायगड? नाही म्हणजे नाही. संरक्षित स्मारक आहे, विनापरवाना खणणं गुन्हा. गडाखालच्या शेतातही नको, १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेला १० रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, आणि कायदा राहू दे बाजूला, मशीन घेऊन फिरताना दिसलात की गुप्तधनवाले आले म्हणून अख्खं गाव गोळा होईल.