‘अमूर्त’ म्हणावं का? आणि ‘कशाचं चित्र’मधली षष्ठी

प्रश्न असा आहे : चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आपल्या चित्रांना ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ म्हणू देत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. मग मराठीत आपण सर्रास ‘अमूर्त’ म्हणतो ते चूक का, आणि चूक असेल तर म्हणायचं काय?

आधी आक्षेप समजून घेऊ. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘ओढून वेगळं काढणं’. म्हणजे आधी एखादी वस्तू हवी, समजा झाड, आणि तिचे तपशील गाळत जायचं. गायतोंड्यांच्या ऐन भरातल्या चित्रांत गाळायला झाडच नसतं. रोलरनं रंग पसरायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, पुन्हा पसरायचा. (जाता जाता : न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय १९३९ मध्ये उघडलं ते ‘म्यूझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ या नावानं. २०१४ मध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते याच संग्रहालयात.)

आता ‘अमूर्त’. ‘मूर्त’ हे ‘मूर्छ्’ धातूचं रूप. अर्थ थिजणं, घट्ट होणं. मूर्ती आणि मूर्च्छा ही त्याचीच भावंडं. तेव्हा मूर्त म्हणजे थिजून आकाराला आलेलं आणि अमूर्त म्हणजे न थिजलेलं. बृहदारण्यकोपनिषदात ब्रह्माची दोन रूपं सांगितली आहेत, मूर्त आणि अमूर्त. पैकी अमूर्तात वायू आणि अंतरिक्ष येतात. म्हणजे अमूर्त हेही रूपच! त्यात कुठल्या वस्तूतून काही काढून घेतल्याची भानगड नाही. त्यामुळे गायतोंड्यांची तक्रार ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ला जेवढी लागते तेवढी ‘अमूर्त’ला लागत नाही, असं मला वाटतं. अडचण असलीच तर उलटी आहे. आपण न्याय, काळ, भीती यांना अमूर्त म्हणतो, हाताला न लागणारं या अर्थानं. चित्र तर चांगलं हाताला लागतं, रखवालदार हटकेपर्यंत.

‘अप्रतिरूप’ हाही शब्द आहे आणि तो नेमका आहे : कशाचंही प्रतिरूप नसलेलं. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’साठी ‘वस्तुनिरपेक्ष’ चांगला. ‘अवस्तुनिष्ठ’ मात्र कृपा करून नको. परीक्षेतल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांमुळे त्या शब्दाला पक्षपाताचा वास चिकटला आहे, आणि चित्रकारानं पक्षपात केला असं कुणाचं म्हणणं नाही.

पण खरी गोची विशेषणात नाहीच, ती षष्ठीत आहे. एका प्रदर्शनात सात-आठ वर्षांच्या मुलीनं वडिलांना विचारलं, “हे कशाचं चित्र आहे?” वडील पट्टीवर वाकले. पट्टीवर ‘शीर्षक नाही’. ते म्हणाले, “कशाचंच नाही.” मुलीनं चित्राकडे पाहिलं, मग वडिलांकडे. चित्र तर समोर होतं, चांगलं भिंतभर.

मराठीत ‘घोड्याचं चित्र’ म्हटलं की घोडा चित्रात असतो. ‘गायतोंड्यांचं चित्र’ म्हटलं की ते त्यांनी काढलेलं असतं, क्वचित त्यांचं व्यक्तिचित्रही. ‘तैलरंगाचं चित्र’मध्ये तीच षष्ठी माध्यम सांगते. एकच ‘चं’, कामं तीन. चित्रकाराला ‘कशाचं?’ विचारणारा पहिल्या अर्थानं विचारतो, चित्रकाराजवळ उत्तर असतं तिसऱ्या अर्थाचं : रंगाचं. हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं तरी समोरच्याला वाटतं, हा आपली चेष्टा करतोय. बऱ्याच चित्रकारांचा मितभाषीपणा मला या ‘चं’मुळे आलेला वाटतो.

गंमत म्हणजे ‘चित्र’ या शब्दाला मुळात षष्ठीची गरजच नव्हती. संस्कृतात ते आधी विशेषण आहे : ठळक, चमकदार, रंगीबेरंगी. चित्रा नक्षत्र यातलंच. ठिपकेवाला चित्ताही ‘चित्रक’वरून आला. चित्ता कशाचा, असं कुणी विचारत नाही. ‘प्रतिमा’ शब्दात मात्र ‘प्रति’ आहे, तिथे ‘कशाची?’ हा प्रश्न रास्त.

तेव्हा ‘अमूर्त’ बिनदिक्कत वापरा, तो रुळला आहे आणि चुकीचाही नाही. गायतोंड्यांविषयी लिहिताना ‘वस्तुनिरपेक्ष’ लिहिलंत तर त्यांचा शब्द राखल्यासारखं होईल. ‘मॉडर्न आर्ट’ म्हणू नका. न कळलेल्या प्रत्येक चित्राला आपण ते नाव देऊन मोकळे होतो.