कोकणातल्या छोट्या सेवाभावी संस्थेने ऑफिससाठी आपत्तीचा आराखडा कसा करावा? कुठलं क्लाऊड घ्यावं?

तुम्ही लिहिलंय, चार माणसं, एक कॉम्प्युटर आणि तळमजल्यावरचं ऑफिस. क्लाऊड कुठलंही घ्या, फुकटातलं घेतलंत तरी चालेल. माझ्या अनुभवात संस्थेचं दप्तर बुडतं ते कार्यवाहांच्या हट्टापायी.

मी चिपळूणला एका छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळते. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण आमच्या कार्यवाहांनी, म्हणजे आबांनी, भिंतीवर ऑइलपेंटने मारून घेतली होती आणि सगळी कपाटं त्या रेघेच्या वर चढवली होती. आल्यागेल्याला कौतुकाने रेघ दाखवायचे. हाच आमचा आराखडा. जून 2020 मध्ये निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे कौलं, पत्रे उडाले, तिकडच्या एका ओळखीच्या संस्थेच्या फायली छपरातून भिजल्या. तेव्हा मी सभेत विषय काढला की सगळ्याची एक प्रत गावाबाहेर ठेवू. आबा म्हणाले, "दप्तर संस्थेबाहेर नेणं बेकायदेशीर आहे." निवृत्त मुख्याध्यापक माणूस, पुढे कोण बोलणार? त्यांचं ते वाक्य इतिवृत्तात नोंदवलेलं होतं.

होतं म्हणायचं कारण 22 जुलै 2021. पाणी रेघ ओलांडून वर गेलं. (कोयनेचं अवजल म्हणजे वीज बनवून सोडलेलं पाणी, भरती की वाशिष्ठी नदीतला गाळ, या वादात मी इथे शिरत नाही. चिपळुणात त्यावरून अजून जेवणं थंड होतात.) चिखल उपसून कपाटं उघडली. इतिवृत्ताची वही शाईच्या पेनाने लिहिलेली, कारण "ठराव बॉलपेनने लिहीत नाहीत" हा आबांचा दंडक. पानंच्या पानं निळी झाली होती. माझी किरकोळ खर्चाची वही बॉलपेनची, ती वाळल्यावर सरळ वाचता आली. लेझर प्रिंटरवर काढलेले कागद टिकले, इंकजेटवरची लाभार्थ्यांची यादी धुऊन निघाली. एवढी साधी गोष्ट कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती.

वह्या वाळवायचाही गोंधळच. आबा एकेक पान सोडवून इस्त्री फिरवायला लागले. तसं अजिबात करू नका. भिजलेला कागद ओढला की फाटतो आणि दोनेक दिवसांत बुरशी धरतो. हाताशी माणसं कमी असतील तर वही आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये टाका आणि नंतर सवडीने थोडी थोडी काढून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. मी उरलेली रजिस्टरं ओळखीच्या मासळीवाल्याच्या फ्रीझरमध्ये ठेवली, गुहागरला, कारण चिपळुणात वीजच नव्हती. आबांना ते फार लागलं. संस्थेचं दप्तर सुरमईच्या शेजारी! पण ती रजिस्टरं आज कपाटात आहेत.

टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं ऐका. कॉम्प्युटर बुडाला आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पण मी दर महिन्याला डेटा रत्नागिरीच्या ऑडिटरांना मेल करत असे, "तपासायला" म्हणून. तसं म्हटलं की कुणी आक्षेप घेत नाही. जूनअखेरपर्यंतचे हिशेब तिथून जसेच्या तसे परत आले. पुढच्या सभेत त्याची नोंद झाली ती "ऑडिटरांच्या सहकार्याने" अशी.

खरी अडचण झाली ती पासवर्डांची. 12ए (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी) आणि 80जी (देणगीदाराला मिळणारी सवलत) यांची प्रमाणपत्रं आयकराच्या पोर्टलवर होती, पण पासवर्ड आबांच्या डायरीत, ओटीपी आबांच्या मोबाइलवर, आणि डायरी, मोबाइल दोन्ही पाण्यात. बँकेचंही तेच. म्हणून तुमच्या आराखड्याचं पहिलं पान हेच असू दे: कुठलं खातं, कुणाचा नंबर, तो माणूस नसला तर दुसरा कोण. ते कागदावर, कारण वादळानंतर टॉवर बंद असतात तेव्हा क्लाऊड असून नसल्यासारखंच. बाकी न्यासपत्र, परिशिष्ट एक (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा), बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलले की तिथे द्यायचा तो), ऑडिट रिपोर्ट स्कॅन करून ठेवा. परिशिष्टाची प्रमाणित नक्कल धर्मादाय कार्यालयातून मिळते, हे आबांचं म्हणणं बरोबर आहे. पण इतिवृत्त आणि पावत्यांची स्थळप्रत कुठून मिळणार?

आणि ते "बेकायदेशीर". नक्कल गावाबाहेर ठेवायला कधीच बंदी नव्हती. 2022 साली आयकराचा 17एए हा नियम आला, त्यात तर मूळ हिशेबवह्याही नोंदणीकृत कार्यालयाबाहेर ठेवायची सोय दिली: व्यवस्थापनाचा ठराव करायचा आणि सात दिवसांत आयकर अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. वह्या 10 वर्षं जपायच्या, हेही त्याच नियमात. मी तो छापून आबांच्या टेबलावर ठेवला होता. "वाचतो" म्हणाले.

दोनतीन गोष्टी राहिल्या. भिजलेली हार्डडिस्क चालू करून बघू नका, वाळवूही नका, ओलसर असतानाच पिशवी बंद करून डेटा काढून देणाऱ्याकडे पाठवा. लाभार्थ्यांचे आधार, आजारपणाचे कागद असतील तर ती फाइल पासवर्डशिवाय कुणालाही मेल करू नका, ऑडिटरांनासुद्धा. बॅकअप वर्षातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आणि हे सगळं नदीकाठचं. तुमचं ऑफिस सड्यावर, म्हणजे उंच कातळ-पठारावर असेल तर पुरापेक्षा छप्पर उडण्याचा आणि वीज पडण्याचा धोका जास्त, मग कपाट वर चढवण्यापेक्षा त्यावर ताडपत्री असलेली बरी. विमा असेल तर पॉलिसीत वादळ-पूर धरलाय का ते एजंटकडून लेखी घ्या. काही वेळा हप्ता कमी करायला तोच भाग वगळलेला असतो.