सुरी धरताना अंगठा कुठे ठेवावा?

नव्याने सुरी हातात घेणारे बहुतेक जण मूठ अगदी मागे धरतात आणि तर्जनी पात्याच्या पाठीवर टेकवतात. त्याने पातं डुलतं आणि कांद्याच्या चकत्या एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ पडतात. मुठीच्या लगेच पुढे, पात्याच्या एका बाजूला अंगठ्याचं पेर आणि दुसऱ्या बाजूला दुमडलेली तर्जनी ठेवा; उरलेली तीन बोटं मुठीभोवती. अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिरासारखा असतो, म्हणून अंगठा वळून बोटांसमोर येतो. ही चिमूट पात्याला फक्त दिशा देते. नख पांढरं पडत असेल तर तुम्ही फार दाबताय. चिमटीतला जोर त्या सांध्यावर कित्येक पटींनी पडतो आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. बोथट सुरीने हे हमखास होतं, आधी धार लावा.

दुसऱ्या हाताचा अंगठा जास्त जपा. कांदा धरणारी बोटं आत वळवा, अंगठा त्यांच्या मागे. कांदा संपत आला की अंगठा नकळत पुढे सरकतो आणि बहुतेकदा तेव्हाच कापतो. शेवटचा तुकडा सपाट बाजूवर आडवा पाडून चिरा.