‘तिथलं ऊन त्याला सोसेल ना?’

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून मायलेक माझ्याकडे सल्ला घ्यायला डिचोलीला आले. मुलगा बावीस वर्षांचा. घरी त्याला बाबू म्हणतात. इथेही तेवढंच नाव पुरे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहिण्याआधी दोघांनाही विचारलं आहे.

खुर्चीवर बसता बसताच आईने विचारलं, “मॅडम, हा दुबईला जायचं म्हणतो. तिथे पन्नास डिग्री ऊन असतं म्हणे. ह्याला लहानपणी घोळणा फुटायचा. सोसेल ना ह्याला?”

हा प्रश्न मी वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकते. कधी आई विचारते, कधी नवीन लग्न झालेली मुलगी, कधी स्वतः जाणारा मुलगा. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर लिहायचं ठरवलं.

घरची परिस्थिती साखळी, डिचोली, वाळपई या बाजूला ओळखीचीच. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा कसंबसं निभावलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या, मार्चपासून काम थांबलं, आणि ट्रक विकावा लागला. तेव्हापासून वडील फारसे बोलत नाहीत. बाबू बारावी झाला, दोन सीझन कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या किचनमध्ये हेल्पर होता. ऑक्टोबर ते मे काम, पाऊस सुरू झाला की घरी. अशात एक एजंट भेटला. पंच्याऐंशी हजार रुपयांत दुबईच्या हॉटेलात नोकरी, पगार अठराशे दिरहम, व्हिजिट विसावर जायचं, ‘तिथे पोचल्यावर विसा बदलून देतात’. वीस हजार आगाऊ देऊनही झाले होते. आईच्या हातात बांगड्या नव्हत्या. ते मला दिसलं, पण त्या दिवशी मी काही विचारलं नाही.

आईने उन्हाचं विचारलं होतं, तर आधी उन्हाबद्दलच बोलायला हवं. समोरचा माणूस जी भीती घेऊन येतो ती बाजूला सारून ‘खरी भीती वेगळीच आहे’ असं पहिल्याच भेटीत सांगणं मला पटत नाही. ती भीतीही खरीच असते.

मी त्यांना सांगितलं की दुबईत उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर राहतो आणि शहर समुद्राकाठी असल्यामुळे वर दमटपणाही असतो. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. गोव्याच्या माणसाला घामाची सवय असते हे खरं, पण आपला मे महिना पस्तीस-छत्तीसवर थांबतो. तिथे तोच घाम आणखी आठ-दहा अंशांवर. मात्र नोव्हेंबर ते मार्च हवा इतकी सुखद असते की पहाटे स्वेटर लागतो. वाळवंट म्हणजे बारा महिने भट्टी, हा आपल्याकडचा समज. म्हणून जायचंच तर जूनमध्ये उतरायचं नाही, नोव्हेंबरमध्ये उतरायचं. उन्हाळा हळूहळू चढत जातो आणि शरीरही त्याच्याबरोबर सरावतं.

उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हातल्या कामावर कोसळणाऱ्यांमध्ये पहिल्या काही दिवसांतले नवे लोक फार असतात, कारण पहिल्याच दिवशी जुन्या माणसाइतकं काम करून दाखवायची त्यांना घाई असते. नव्या माणसाने पहिल्या दिवशी कामाचा पाचवा हिस्साच उन्हात करावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा, असं उष्णतेचा अभ्यास करणारे सांगतात. मुकादम हे ऐकेलच असं नाही. पण जाणाऱ्याला माहीत असलेलं बरं. पाणी तहान लागायची वाट न पाहता प्यायचं, पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं, कमी पडतंय. आणि सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून भेलकांडला, तर ‘जरा बसू दे’ म्हणायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि ९९८ वर रुग्णवाहिका बोलवायची.

तिथल्या सरकारचा नियमही आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर काम करून घेता येत नाही. कतारमध्ये १ जूनपासूनच सकाळी दहा ते साडेतीन. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट, अकरा ते चार. आईने हे तिन्ही देश आणि वेळा मला पुन्हा सांगायला लावल्या. ओठ हलवत त्या पाठ करत होत्या.

“आणि पेज?” त्यांनी मध्येच विचारलं. “पेज केली तर चालेल ना तिथे?”

चालेल काय, उत्तम. उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड. घामातून जाणारं पाणी आणि मीठ दोन्ही तिच्यातून परत मिळतं. आपल्या बायका शेतावर हीच दहा वाजताची पेज नेत आल्या. बाबू पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

पण तासभरात तो स्वतःहून एक शब्द बोलला नव्हता. मोबाइलचं रबरी कव्हर अंगठ्याने काढायचा आणि बसवायचा, काढायचा आणि बसवायचा. मी त्याला चार दिवसांनी एकट्याला बोलावलं.

एकटा आला तेव्हा मी सरळच विचारलं, “उन्हाची भीती आईला आहे. तुझी कसली?”

बराच वेळ गेला. मग म्हणाला, “परत यावं लागलं तर.”

एकदा बांध फुटला की थांबत नाही. बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या होत्या. वाड्यावर सगळ्यांना कळलं होतं. चुलत भाऊ आत्ताच परफ्यूम मागत होता. “तिथे काम नाही जमलं तर मी कुठल्या तोंडाने येऊ? पप्पांचा ट्रक गेला, त्यात मीपण असा.” ऊन, तो म्हणाला, त्याला काहीच वाटत नव्हतं. कळंगुटला दोन तंदूर भट्ट्यांच्या मध्ये उभा राहून त्याने दोन सीझन काढले होते.

अशा घरांत बरेचदा हेच होतं. सगळे उन्हाबद्दल बोलतात, कारण उन्हाबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही. कर्जाबद्दल, फसण्याबद्दल, हरून परत येण्याबद्दल बोलायची लाज वाटते. आणि मुलगा तिथे अडचणीत आला की नेमक्या याच न बोललेल्या गोष्टी त्याला अडकवून ठेवतात.

हे मी फार उशिरा शिकले. दहा-अकरा वर्षांपूर्वी पेडण्याचा एक मुलगा तिथून मला फोन करायचा. रडायचा. मी त्याला म्हणायचे, धीर धर, पहिले सहा महिने सगळ्यांनाच कठीण जातात. तो व्हिजिट विसावर काम करत होता, पाच महिने पगार नव्हता, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात होता. यातलं त्याने मला काही सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही. मी त्याच्या मनाला धीर देत बसले. शेवटी तो परत आला, पण घरी गेला नाही. कित्येक आठवडे मुंबईत मित्राच्या खोलीवर राहिला आणि आईला फोनवर दुबईतच असल्याचं सांगत राहिला. त्या मुलाची मी अजून अपराधी आहे. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या कुणालाही मी आधी कागद दाखवायला सांगते.

बाबूने कागद दाखवला. कागद कसला, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो. कंपनीचं नाव नाही, कामाचं नाव ‘हॉटेल स्टाफ’. आम्ही दोघांनी मिळून तो वाचला. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. हे नाव तिथे सापडलं नाही. नोंदणी असलेला एजंटसुद्धा कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. इथे पंच्याऐंशी हजार मागितले होते. व्हिजिट विसावर तिथे काम करणं बेकायदेशीर आहे. पकडला जातो तो मुलगा. पैसे घेतलेला एजंट तेव्हा इथे गोव्यात असतो.

बाबूला एका गोष्टीचा अभिमान होता: पासपोर्ट ‘इसीएनआर’ आहे. म्हणजे दहावी पास असल्यामुळे आखाती देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी परवानगी लागत नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, याचा दुसरा अर्थही लक्षात घे. दहावी न झालेल्याचा करार निघण्याआधी सरकार एकदा तरी पाहतं. तुझा कागद पाहणारा तूच.

खरी पद्धत मी त्याला समजावली. मालक आधी ऑफर लेटर देतो. ते तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं असतं, हिंदीतही मिळतं. त्यावर सही झाल्यावर नोकरीचा परवाना निघतो आणि मगच माणूस निघतो. परवान्याचा आणि विसाचा खर्च मालकाचा. पगार बँकेमार्फत. पासपोर्ट स्वतःकडे. आणि बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती ते वेगळं पाहायचं, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची. एकूण पगार फुगवून बेसिक अगदी कमी दाखवलेलं असतं, ते नवख्याच्या ध्यानात येत नाही.

तिसऱ्या भेटीला मी वडिलांनाही बोलावलं. येतील असं वाटत नव्हतं. आले, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

मी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि बाबूला म्हटलं, लिही: ‘कधी परत यायचं’. आईला ते आवडलं नाही. जाण्याआधीच परतीचं काय बोलायचं, अपशकुन. मी आग्रह धरला. परत यायची वाट घरच्यांनी आधीच मोकळी केली नाही तर मुलगा तिथे काहीही सोसत राहतो आणि फोनवर ‘बरा आहे’ म्हणतो.

तेव्हा वडील बोलले. त्यांचे थोरले भाऊ कुवेतला होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा घुसल्या आणि होतं नव्हतं ते तिथेच राहिलं. अम्मानपर्यंत रस्त्याने, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, मग एसटीने घरी. “हातात एक पिशवी होती. आईने त्याला आधी न्हाऊ घातलं, मग पेज वाढली. गावात कोणी विचारलं नाही, काय आणलं म्हणून.” एवढं बोलून ते पुन्हा गप्प झाले. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही, पण बाबू त्यांच्याकडेच पाहत होता.

मग पानावर तीन ओळी आल्या. पासपोर्ट काढून घेतला तर. दोन महिने पगार नाही मिळाला तर. ठरलं त्याहून वेगळं काम दिलं आणि सांगूनही बदललं नाही तर. या तिन्हींत घर त्याला एक प्रश्नही विचारणार नाही, तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असतील. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज वाढवायचं नाही, आधी बांगड्या सोडवायच्या, तोवर थांबायचं, हे आईने स्वतः ठरवलं.

आईला मी एक काम दिलं. फोनवर ‘बरा आहेस ना?’ विचारायचं नाही. त्याला एकच उत्तर असतं. विचारायचं: आज काय जेवलास? किती वाजता झोपलास? खोलीत किती जण? पाणी किती बाटल्या प्यालास? बारीकसारीक प्रश्नांना माणूस खोटं बोलत नाही, आणि बोललाच तर आईला कळतं.

एजंटकडून वीसपैकी बारा हजार परत मिळाले, तेही मामा दोनदा जाऊन बसले तेव्हा. आठ गेले. बाबूने पावसाळाभर वाळपईत एका बेकरीत काम केलं. कळंगुटच्या हॉटेलातल्या त्याच्या कुकच्या ओळखीने सप्टेंबरमध्ये दुबईतल्या एका हॉटेलचं ऑफर लेटर आलं. ते घेऊन तो माझ्याकडे आला आणि मला वाचू न देता स्वतःच एकेक ओळ वाचून दाखवली. किचन स्ट्युअर्ड, म्हणजे भांडी, टोप, फरशी. बेसिक ९०० दिरहम, राहणं-जेवण मालकाचं. एजंटने सांगितलेल्या आकड्याच्या निम्मं. “पण हे खरं आहे मॅडम,” तो म्हणाला. नोव्हेंबरमध्ये गेला.

पुढच्या जूनमध्ये आईचा फोन आला. बाबूला किचनमधून काढून चार दिवस बाहेर तलावाच्या बाजूला खुर्च्या उचलायला लावलं होतं, भर दुपारी. त्याने त्याच रात्री घरी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला साडेबाराचा नियम सांगितला आणि त्याला संध्याकाळच्या पाळीला घातलं. “सांगितलं त्याने, मॅडम. लपवलं नाही,” त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

जुलैत त्या स्वतः भेटायला आल्या. हातात बांगड्या होत्या. कालनिर्णयचं ते पान अजून देवघराशेजारी भिंतीला लावलेलं आहे म्हणाल्या, आणि मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. बाबूच्या तीन ओळींखाली पेन्सिलीने चौथी ओळ होती, वडिलांच्या अक्षरात: ‘चवथीला किती दिवस सुट्टी देतात ते विचारणे.’