लांबचा नंबर, निकटदृष्टिता आणि चाळिशी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानात काम शिकणाऱ्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीच्या पुस्तकात ज्याला निकटदृष्टिता म्हटलंय, त्याच माणसाला आमचे मालक ‘लांबचा नंबर’ आहे म्हणतात आणि दूरदृष्टितेला ‘जवळचा नंबर’. चूक कोणाची, पुस्तकाची की मालकांची? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की प्लास्टिकच्या लेन्सला सगळे ‘काच’ का म्हणतात.

पहिल्या प्रश्नात चूक कोणाचीच नाही. डोळ्याला काय जमतं ते बघून पुस्तक नाव देतं. चष्मा कशासाठी हवा ते बघून दुकान नाव देतं. हातातल्या ‘पुढारी’तल्या बारीक जाहिरातीसुद्धा सहज वाचणारा, पण रंकाळा स्टँडवर गाडीचा ‘गगनबावडा’ बोर्ड अगदी जवळ येईपर्यंत वाचू न शकणारा माणूस घ्या. जवळचं दिसतं म्हणून पुस्तकात तो निकटदृष्टीचा. दुकानात येऊन तो म्हणणार, “लांबचं धुरकट दिसतंय ओ.” म्हणून त्याचा नंबर लांबचा. गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्याच्या सामर्थ्याचं कौतुक नसतं, अडचण सांगायची असते, त्यामुळे बोलीतला शब्द अडचणीवरून पडला हे साहजिकच आहे.

पुस्तकी शब्दांची गंमत वेगळीच. राधानगरीचं धरण बांधायला घेणाऱ्या शाहू महाराजांची दूरदृष्टी आपण भाषणांत ऐकत मोठे झालो. तोच शब्द डोळ्याच्या दोषाला कसा लावायचा? म्हणून ‘ता’ जोडून ‘दूरदृष्टिता’ केलं. दीर्घदृष्टी, ऱ्हस्वदृष्टी, लघुदृष्टी हेही शब्द वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतात. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला शब्द लिहा आणि मोकळे व्हा.

खरी अडचण पुढे आहे आणि ती शिकाऊ माणसाला नक्की नडते. ‘लांबचा’ आणि ‘जवळचा’ ही जोडी कानाला रात्र-दिवसासारखी वाटते. एक मायनस, दुसरा प्लस, हिशेब संपला. पण ‘जवळचा नंबर’ या एका नावाखाली दोन वेगळे दोष नांदतात आणि त्यातला लांबच्या नंबराच्या खरोखर विरुद्ध असा एकच आहे.

त्यासाठी डोळ्यात जरा डोकावू. प्रकाश आधी पारपटलातून शिरतो. नेत्रदानाच्या बातमीत ‘बुबुळ बसवलं’ असं छापून येतं ते हेच पारदर्शक पारपटल. पुस्तकातलं बुबुळ म्हणजे त्यामागचा तपकिरी पडदा आणि त्याच्या मधलं छिद्र ती बाहुली. डोळ्याची एकूण शक्ती साधारण 60 डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजायचं एकक, चष्म्याचा ‘नंबर’ याच मापात असतो), त्यातली 43 च्या आसपास एकट्या पारपटलाची. उरलेलं काम बाहुलीमागचं भिंग करतं. पारपटलापासून मागच्या दृष्टिपटलापर्यंतचा (ज्यावर चित्र पडतं त्या पडद्यापर्यंतचा) सगळा डोळा पुढून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. तो एखादा मिलिमीटर जास्त लांब झाला तरी जवळपास तीन नंबर चढतो, कारण चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं. हा लांबचा, मायनसचा नंबर. डोळा आखूड राहिला तर चित्र पडद्याच्या पलीकडे जाऊ बघतं आणि प्लस लागतो. ही दूरदृष्टिता, मायनसची खरी विरुद्ध बाजू. दोन्ही दोष मुख्यतः डोळ्याच्या लांबीचे.

चाळिशीचं तसं नाही. जवळ बघताना डोळ्यातला स्नायू आवळतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगतं. लहान मुलाचं भिंग असं दहाहून जास्त डायॉप्टरची भर घालू शकतं. वयानुसार ते ताठर होत जातं. 40 सेंटिमीटरवरचं वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. चाळिशीच्या पुढे तेवढे रोज काढताना भिंगाचा जीव मेटाकुटीला येतो आणि वर्तमानपत्र हातभर लांब जातं. इथे डोळा आखूडही नाही आणि लांबही नाही. म्हणूनच हा दोष मायनसवाल्यालाही होतो, प्लसवाल्यालाही होतो आणि आयुष्यभर चष्मा न लागलेल्यालाही होतो.

या दोन ‘जवळच्या’ दोषांची गल्लत फक्त आपल्याकडेच झाली असं नाही. डच नेत्रवैद्य डॉन्डर्स यांनी 1864 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दोन्ही नीट वेगळे करून मांडले आणि निकटदृष्टितेच्या विरुद्ध दूरदृष्टिता असते, म्हातारपणची दृष्टी नव्हे, हे सांगितलं. त्याआधी युरोपातही ही सरमिसळ सर्रास होती.

आपल्या भाषेकडे मात्र हा दुसरा दोष सांगायला ‘चाळिशी’ (किंवा ‘चाळशी’) हा झकास शब्द आहे: वयही तोच, दोषही तोच आणि नाकावरचा चष्माही तोच. “जरा माझी चाळशी आण गं” हे वाक्य पूर्वी घराघरांत ऐकू यायचं. वैद्यकीय ग्रीक नावात सरळ ‘म्हातारा’ आहे, पुस्तकी मराठीने ‘वृद्धदृष्टिता’ करून तोच सूर धरला. बेचाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला कार्डावर ‘वृद्ध’ लिहून द्या आणि तो पुन्हा दुकानात येतो का बघा. माझं मत विचाराल तर दुकानात चाळिशी हाच शब्द वापरावा. त्यात काय झालंय हेही कळतं आणि नंबर वयाबरोबर थोडा वाढत जाणार हेही न सांगता कळतं.

गल्लतीचा तोटा कुठे होतो ते सांगतो. दहा वर्षांच्या पोराला प्लस नंबर निघाला आणि तुम्ही आईला म्हणालात, “जवळचा नंबर आहे.” ती माउली समजणार, वडिलांसारखाच वाचण्यापुरता चष्मा, खेळताना काढून ठेवला तरी चालेल. पण त्या पोराचा डोळा आखूड आहे. लांबचं बघतानाही त्याचं भिंग सतत फुगलेलं असतं, त्या ओढीने काही मुलांचा डोळा तिरळाही होतो. डॉक्टरांनी चष्मा दिवसभर घालायला सांगितला असेल तर ‘जवळचा’ हा एक शब्द ते सांगणं पुसून टाकतो. अशा वेळी ‘प्लसचा नंबर’ म्हणा आणि कायम घालायचा की कसं, हे डॉक्टरांच्या शब्दात सांगा.

दुसरा घोळ आकड्यांचा. कार्डावर लांबसाठी मायनस 1 आणि ‘अ‍ॅड’ (वाचण्यासाठी वर मिळवायची शक्ती) प्लस 2 असेल, तर वाचायच्या काचेची शक्ती प्लस 1. “जवळचा नंबर किती?” या प्रश्नाला कोणी ‘दोन’ म्हणतं, कोणी ‘एक’. दोघांच्या डोक्यात वेगळी गोष्ट असते. मायनस 2 वाला चाळिशीनंतर चष्मा काढून आरामात वाचतो आणि “मला जवळचा नाही” म्हणून मिरवतो. चाळिशी त्यालाही लागलेली असते, फक्त त्याचा मायनस तिला झाकतो. गुजरीत साज घडवणारा कारागीर 25 सेंटिमीटरवर काम करतो, त्याला वर्तमानपत्रापुरता दिलेला नंबर अपुरा पडेल, कारण तेवढ्या अंतराला अडीच नव्हे, चार डायॉप्टरची गरज असते. म्हणून ‘जवळचा’ ऐकलं की आधी विचारावं, “मामा, जवळ म्हणजे किती जवळ?”

‘नंबर’ हा शब्दही पूर्वी उलटा चालायचा. फ्रेंच नेत्रवैद्य मोनोये यांनी 1872 साली डायॉप्टर सुचवण्यापूर्वी काचेचा नंबर म्हणून तिचं नाभीय अंतर (काचेपासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) इंचांत सांगत. तेव्हा 40 नंबरची काच म्हणजे आजचा जेमतेम एक, आणि 10 नंबरची आजचे चार. नंबर जितका मोठा, तितकी काच सौम्य.

आता काच. लेन्स काचेच्याच होत्या तेव्हापासून शब्द रुळला, पुढे माल बदलला. घासून, कापून, फ्रेममध्ये बसवून मिळते ती काच, मग ती प्लास्टिकची का असेना. ‘भिंग’ म्हटलं तर गिऱ्हाईक मूठ असलेलं, अक्षर मोठं दाखवणारं भिंग समजेल. मायनस काचेसाठी पुस्तकात असलेला ‘अंतर्वक्र’ (खोलगट) हा शब्द तर हाताला फसवतो: चष्म्याची मायनस काचही पुढून फुगीरच असते, खोलगटपणा मागच्या बाजूला जास्त असतो. बोटांनी कडा चाचपा. कड जाड असेल तर मायनस, मध्य जाड असेल तर प्लस. नंबर बारीक असेल तर काच डोळ्यासमोर धरून हळूच हलवा. पलीकडचं चित्र काचेबरोबर सरकलं तर मायनस, उलट सरकलं तर प्लस.